उन्हाळ्यात चाळीस, गणपतीत पंधरा: नागपूरच्या एका खो-खो क्लबचं प्रकरण

दक्षिण नागपुरातला एक खो-खो क्लब आहे, नाव लिहीत नाही, रेशीमबाग ते मानेवाडा रोडच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी आहे एवढं पुरे. क्लब म्हणजे काय तर मोठ्या मैदानाचा एक कोपरा, दोन खांब, टिनाची एक खोली ज्यात फक्कीची पोती आणि जुन्या ढाली, आणि एक सर. सर पन्नाशीचे, तरुणपणी राज्य स्पर्धा खेळलेले, नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ फुकट शिकवतात, वरून गरजू पोरांचे बूटही स्वतःच्या खिशातून आणतात. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे त्यांच्या पद्धतीबद्दल बरंच येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचं की कोणी खडूस माणूस असेल. तसं अजिबात नाही.

त्यांचा प्रॉब्लेम असा की एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिराला चाळीसेक पोरं येतात, जूनअखेर शाळा उघडल्या (विदर्भात उन्हामुळे उशिराच उघडतात) की पंचवीस उरतात आणि गणपती बसेपर्यंत पंधरा, आणि ते पंधराही साधारण तेच जे पहिल्या दिवसापासूनच चपळ होते. २०२५ ला हे जास्त टोचलं, कारण त्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीमनी फायनलमध्ये नेपाळला हरवलं, पोरांनी ते मोबाईलवर पाहिलं, आणि ज्या घरांत खो-खो म्हणजे शाळेच्या गॅदरिंगपुरता खेळ समजायचे तिथूनही सरांना फोन यायला लागले. सरांना वाटलं आता आलेली ही पोरं पण गेली तर अशी लाट पुन्हा येत नाही. मी जवळच्याच एका शाळेत पीटी शिकवते, माझ्या शाळेच्या काही मुली तिथे जातात, म्हणून ते मला म्हणाले, "मॅडम, पोरं टिकत नाही जी. एकदा येऊन पाहा न, काय चुकून राहिलं ते."

खरं तर त्यांचं निदान तयारच होतं: मोबाईल, ट्यूशन आणि ऊन. तिन्ही खोटी नाहीत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, सकाळी साडेसातलाच मैदान तापायला लागतं, आणि आठवी-नववीची पोरं ट्यूशनमुळेच सुटतात हे मी शाळेत रोज बघते. पण गळती सगळ्यात जास्त होती ती नऊ ते बारा वयाच्या पोरांची, ज्यांना अजून धड ट्यूशनही लागलेली नसते. म्हणून मागच्या वर्षीचं हजेरी रजिस्टर काढलं आणि क्लबचीच एक जुनी खेळाडू, आता कॉलेजला आहे, पोरं तिला ताई म्हणतात, तिला घेऊन गळालेल्या पोरांना शोधलं. शोधायला लांब जावंच लागलं नाही. त्यातली बरीच पोरं त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टेनिस बॉलचं क्रिकेट खेळत होती, त्याच उन्हात, कोणी न बोलावता. मग मोबाईल आणि ऊन कुठे गेलं? विचारलं तर उत्तरं दोनच प्रकारची आली. एक, "तिथं नुसतं बसून राहा लागते." दुसरं, थोडं खालच्या आवाजात, "मले जमत नाही ते."

मग मे महिन्यात एक आठवडाभर फक्त बघितलं. बी.पी.एड. (पीटी शिक्षकाची पदवी) करणारे दोन विद्यार्थी सोबत घेतले, एकाला काम दिलं की ठरवलेली चार पोरं दीड तासात किती वेळा प्रत्यक्ष धावतात, खो देतात, घेतात हे मोजायचं, आणि दुसऱ्याला काम की सरांच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य लिहायचं, जसंच्या तसं. सरांना हे सांगूनच केलं, ते हसले, म्हणाले लिहा लिहा.

दीड तासाचं वेळापत्रक वर्षानुवर्षं एकच. आधी मैदानाला पाच राउंड, मग पीटी, मग रांगेत उभं राहून एकेकानं सूर मारायचा (रनरला गाठायला हात लांब करून पुढे झेप घ्यायची), मग रांगेतच खांबाला वळसा, आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत गेम. मध्ये पाणी नाही, कारण पाणी पिऊन धावलं तर पोटात दुखते. आता गेमचं गणित बघा. मधल्या पाटीवर चौकोनांमध्ये आठ जण आलटूनपालटून तोंड करून बसलेले, नववा चेसर, आणि समोर तीन रनरची तुकडी, म्हणजे एका वेळी मैदानात बारा. पोरं चाळीस. अठ्ठावीस बाहेर बसून टाळ्या वाजवतात. आत बसलेल्या आठांतही खो कोणाला द्यायचा हे चेसर ठरवतो, आणि चेसर हुशार असेल तर तो चपळ दोस्तालाच उठवतो, पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढपी पोचतच नाही तसं टोकाच्या चौकोनातल्या पोरापर्यंत खो पोचतच नाही.

ज्या चार पोरांवर लक्ष ठेवलं त्यात एक सहावीतली मुलगी होती, बिबवर सात नंबर, तेच नाव इथे वापरते. बारीक, कमी बोलणारी, शिबिराला मैत्रिणीसोबत आलेली. राउंड सोडले तर दीड तासात तिच्या वाट्याला धावणं पाच मिनिटंही नव्हतं. सुराच्या रांगेत तिचा नंबर आला की ती गुडघ्यावर बसायची आणि हळूच हात पुढे टेकवायची. सर म्हणायचे, "घाबरून राहिली का? माती हाय ते, खाऊन नाही टाकत तुले." सगळे हसायचे. ती पण हसायची. असं हसणारी पोरं महिनाभरात येणं बंद करतात, हे माझं शाळेतलं निरीक्षण, शास्त्र म्हणून सांगत नाही.

दुसऱ्या वहीतलं वाचून सर स्वतःच गप्प झाले. "काऊन बे, झोपला का?", "दिशा! दिशा!", "उठ न लवकर", "जोर लाव", "फाऊल, दहा उठाबशा". शाबासकी होती पण ती चार-पाच जणांच्याच नावानं. आणि ज्याला सूचना म्हणता येईल, म्हणजे पाय कुठे, नजर कुठे, वळताना वजन कोणत्या पायावर, असं काही त्या पानांवर फारच थोडं होतं, तेही पहिल्या पंधरांसाठी. सरांना खो-खो येतो, मला त्याच्या दहा टक्केही येत नाही, पण चाळीस पोरांना एका ग्राउंडवर सांभाळताना त्यांचं सगळं ज्ञान ट्रॅफिक पोलिसगिरीत जात होतं.

इथे एक जुना अभ्यास सांगते कारण मी तो सरांनाही सांगितला. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्मिथ आणि स्मोल हे दोघं लहान मुलांच्या बेसबॉल कोचवर बरीच वर्षं काम करत होते. त्यांनी आणि बार्नेट या संशोधिकेनं १९९२ मध्ये छापलं की सीझनआधी काही कोचना छोटं ट्रेनिंग दिलं, काय तर पोरगं चुकलं की आधी धीर द्या मग नेमकं काय करायचं ते सांगा, मेहनत दिसली की बोलून दाखवा, शिक्षा टाळा, आणि काही कोचना काहीच ट्रेनिंग दिलं नाही. पुढच्या सीझनला ट्रेनिंग न घेतलेल्या कोचची २६ टक्के पोरं परत आली नाहीत, ट्रेनिंग घेतलेल्यांची ५ टक्के. आणि दोन्हीकडच्या टीमच्या जिंकण्या-हरण्यात म्हणावा असा फरक नव्हता. सर म्हणाले, "ते अमेरिका हाय जी. इथं लाड केले तर पोट्टं डोक्यावर बसते." आक्षेप चुकीचा नाही, दुसऱ्या देशातलं, दुसऱ्या खेळातलं आहे. म्हणून ठरलं असं की पावसाळ्यापर्यंत करून बघू, जमलं नाही तर सरांचे पाच राउंड परत.

पहिला बदल ग्राउंडचा. एक मोठं ग्राउंड पुसून चार छोटी आखली. प्रत्येकात चार बसलेले, एक चेसर, दोन रनर, म्हणजे सात, चार ग्राउंडवर अठ्ठावीस पोरं एका वेळी खेळात. उरलेल्यांपैकी काही पंच, काही घड्याळ धरणारे, काही लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात ताईसोबत. पाळी दोन मिनिटांची, शिट्टी वाजली की फिरायचं. खांब नव्हते, तर ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून बांबू उभे केले. कोणी हे करणार असेल तर एक लक्षात ठेवा, या बांबूला धरून वळायचं नाही, डबा पलटतो, नुसतं त्याला वळसा घालायचा, खरा खांब धरायची प्रॅक्टिस खऱ्या खांबावरच. आणि एक नियम जोडला जो खऱ्या खो-खोत नाही: बसलेल्या चौघांना एकेकदा उठवल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा खो द्यायचा नाही. पहिल्या दिवशी यावरून भांडणं झाली, चपळ पोरं वैतागली, पण चेसरला आता डोकं लावून ठरवावं लागत होतं की कोण उरलंय आणि रनर कुठे आहे, नुसता दोस्त शोधून भागत नव्हतं.

राउंड गेले आणि त्याजागी लंगडी, विषामृत, साखळीची पकडापकडी आली. सर म्हणाले हे तर गल्लीत खेळतात, त्यासाठी इथं कायले यायचं. पण लंगडीनं पाय आणि तोल जेवढा तयार होतो तेवढा राउंडनं होत नाही, आणि पकडापकडीत पोरगं दर काही सेकंदांनी थांबतं, वळतं, हूल देतं, म्हणजे रनरचं सगळं काम तिथेच चालू असतं. उठाबशा बंद. फाऊलची शिक्षा खेळातच आहे ना, शिट्टी वाजली की चेसरला उलट्या दिशेला जावं लागतं आणि तेवढ्यात रनर सुटतो, वेगळ्या उठाबशा कशाला. पाण्याचा कॅन मैदानात आणून ठेवला, दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी प्यायचं. कोणाच्याही पोटात दुखलं नाही हे सरांनी नोंदवून घेतलं, मान्य मात्र केलं नाही.

सरांना सगळ्यात जड गेलं ते बोलणं बदलणं. आधी ते उलट्या टोकाला गेले, सगळ्यांना सारखंच "शाब्बास, शाब्बास", चुकला तरी शाब्बास. दोन दिवसांनी सात नंबर मैत्रिणीला विचारत होती, "सरची तब्येत बरी नाही का बे?" पोरांना खोटं कौतुक बरोबर कळतं. मग ठरलं की कौतुक करायचं तर कशाचं ते सांगायचं ("खो देताना आज आवाज आणि हात एकदम आला"), आणि चुकलं तर आधी प्रश्न. ही प्रश्नाची युक्ती माझी नाही, १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये बंकर आणि थॉर्प यांनी शाळेतल्या खेळांसाठी मांडली होती, आधी सोपा केलेला गेम खेळू द्या, त्यात अडचण आली की पोराला विचारा काय करता येईल, आणि मग ते कौशल्य शिकवा, कारण तेव्हा त्याला ते कशाला हवं हे कळलेलं असतं. आपल्याकडे उलटं चालतं, महिनाभर कौशल्य घोटायचं आणि गेम बक्षीस म्हणून शेवटी.

याच प्रश्नातून सात नंबरची गोष्ट बदलली. छोट्या ग्राउंडवर एक दिवस तिला पाळीभर कोणी आउट करू शकलं नाही. पुढच्या पाळीतही नाही. ती वेगानं धावत नव्हती, सिंगल चेन खेळत होती, म्हणजे बसलेल्या एकेका चेसरच्या मधून आतबाहेर नागमोडी, आणि ऐन वेळी वळत होती. सरांनी बोलावलं, सगळ्यांना वाटलं आता काहीतरी ऐकवणार. त्यांनी विचारलं, "कशी वाचून राहिली तू?" ती म्हणाली, "चेसर खो द्यायच्या आधी मान खाली घालते न सर, तेव्हा तिले मी दिसत नाही. मी तेव्हाच वळते." सर माझ्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, हे मला सिनियरमध्ये गेल्यावर कळलं होतं मॅडम, तेही कोणी सांगितलं म्हणून. त्या दिवसापासून त्यांचा विरोध गेला असं नाही पण तो भांडणाचा राहिला नाही, उत्सुकतेचा झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिलाच इतरांना दाखवायला सांगितलं, ती लाजली, पण दाखवलं, आणि लगेच चेसर पोरींनी मान वर ठेवून खो द्यायला सुरुवात केली, म्हणजे तिची युक्ती तिच्याच अंगावर आली. मग तिला नवीन काहीतरी शोधणं भाग पडलं. कौशल्य असंच वाढतं बहुतेक, एकानं कुलूप काढायचं आणि दुसऱ्यानं किल्ली.

सुराचं वेगळं केलं. रांग बंद, वाळूचा खड्डा. आधी पोटावर झोपून हात लांब करून रिबन पकडायची, मग गुडघ्यावरून, मग उकिडवं बसून, मग दोन पावलं चालून. हनुवटी वर, पोटावर घसरायचं, सगळं वजन हातावर घ्यायचं नाही नाहीतर मनगट जातं. कोणती पायरी करायची हे पोरानं ठरवायचं, पुढची पायरी नको असेल तर तीच परत. खांबावरचा सूर दहा वर्षांखालच्यांना नाहीच. आमचं मैदान मुरमाचं, मेमध्ये दगडासारखं होतं, त्यामुळे मातीवर सूर मारायला पोरगं घाबरतं तेव्हा ते शहाणपणच असतं.

आणि मग जूनमध्ये सगळं बिघडल्यासारखं दिसायला लागलं. आधी वीस सूर एकामागे एक, वीस वळसे एकामागे एक असं व्हायचं, तेव्हा विसाव्या सुराला पोरगं छान दिसायचं. आता सगळं मिसळून: एक वळसा, मग पाठलाग, मग खो, मग एखादा सूर, लगेच दुसरं ग्राउंड. त्यामुळे फाऊल वाढले, चुका वाढल्या, बाहेर उभे पालक म्हणायला लागले की आधी निदान शिस्त तरी होती. सर पण म्हणाले, "काऊन जी मॅडम, हे असं दिसून राहिलं तर सिलेक्शनले काय दाखवू मी?"

हा टप्पा येतोच आणि इथेच बहुतेक कोच जुन्या पद्धतीवर परत जातात, म्हणून जरा थांबते. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांनी दाखवलं होतं की एकच हालचाल घोटत राहणारे सरावाच्या वेळी सरस दिसतात, पण काही दिवसांनी पुन्हा बघितलं की हालचाली मिसळून सराव केलेले पुढे असतात. त्याच्या आदल्या वर्षी कर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांवर साधा प्रयोग केला होता, छोटी पिशवी लक्ष्यावर टाकायची, काहींनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून, आणि परीक्षा तीन फुटांवरची. दोन आणि चारवाले चांगले निघाले, ज्यांनी तीन फुटांवरून कधी टाकलंच नव्हतं ते! खो-खोत तर प्रत्येक वळण वेगळं, प्रत्येक रनर वेगळा. सरांना मी एवढंच म्हटलं की आज काय दिसतं ते लिहू नका, पंधरा दिवसांनी मोठ्या ग्राउंडवर एक पूर्ण मॅच लावा आणि तेव्हाचं लिहा. लावली. चुका होत्याच, पण जी पोरं मागच्या वर्षी मॅचमध्ये पुतळ्यासारखी बसायची ती उठून बरोबर दिशेला जात होती. सरांनी जून काढू दिला.

जुलैत पावसानं ग्राउंडचा राडा केला, जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात काहीतरी करत राहिलो, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

ऑगस्टमध्ये पालकांची मीटिंग घेतली, सकाळच्या प्रॅक्टिसनंतर, तर्री-पोह्यांवर, कारण नुसत्या मीटिंगला कोणी येत नाही. एक काका जोरात होते, बिबवर चार नंबर असलेल्या पोराचे वडील. जुलैअखेर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं १९ व्या वर्षी बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला होता, गल्लीगल्लीत बॅनर होते, आणि काकांचं म्हणणं की बघा, लहानपणापासून एकच खेळ धरला म्हणून झालं, आणि तुम्ही इथे लंगडी खेळवता. शिवाय दहावीचे ग्रेस मार्क, पुढे नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, हे सगळं त्यांच्या हिशोबात होतं आणि त्या घरात ते असणं साहजिक आहे, मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण बुद्धिबळ आणि पायांनी खेळायचा खेळ यांची वयं वेगळी चालतात. कॅनडाचे जॉं कोटे यांनी मांडलेला टप्प्यांचा आराखडा साधारण असा आहे: बारापर्यंत वेगवेगळे खेळ आणि भरपूर मोकळं खेळणं, तेरा ते पंधरा एक-दोन खेळांवर भर, सोळानंतर पूर्ण झोकून देणं. चार नंबर होता दहा वर्षांचा. मी काकांना म्हटलं, ग्रेस मार्क दहावीला लागतात, त्याला अजून पाच वर्षं आहेत, आधी पाच वर्षं तो इथे टिकला तर पाहिजे.

त्याच मीटिंगमध्ये एका काकूंनी सहज सांगितलेली गोष्ट जास्त कामाची निघाली. त्या रोज गाडीवर पोरीला विचारायच्या, "आज किती टिकली?" म्हणजे रनर म्हणून किती मिनिटं. पेपरात खो-खोचा निकाल असाच येतो ना, अमुकनं इतकी मिनिटं संरक्षण केलं. आणि टिनाच्या खोलीवर सरांनी एक कागद चिकटवलेला होता, सगळ्यांची संरक्षणाची वेळ, वरून खाली क्रमानं. तळाची पोरं त्या भिंतीच्या बाजूनं जातच नव्हती, लांबून वळसा घालून पाण्याकडे जायची. नॉर्वेमध्ये मुलांच्या खेळांसाठी नियमावली आहे, २००७ ची, त्यात ११ वर्षांखाली निकालाच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही असं ठरलंय. आपण नॉर्वे नाही, पण कागद काढायला नॉर्वे व्हायची गरजही नव्हती. प्रत्येकाला एक छोटी वही दिली, आपली वेळ आपण लिहायची आणि खाली एक ओळ, आज नवीन काय जमलं. काकूंचा प्रश्न बदलून "आज काय नवीन केलं" झाला, असं त्या म्हणतात, मी गाडीवर नव्हते.

आता जे नीट जमलं नाही ते. तेरा-चौदा वर्षांची दोन पोरं, दोघंही चांगली, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या क्लबला गेली. त्यांना तो कागद हवा होता, पहिला नंबर हवा होता, छोट्या पोरांसोबत लंगडी नको होती. सरांना हे फार लागलं, आठवडाभर मला काही बोलले नाहीत. माझं मत, ती दोघं बरोबर होती. कोटेंच्याच टप्प्यांत बसवलं तर ती पुढच्या टप्प्यावर पोचली होती आणि आपण त्यांना नऊ वर्षांच्या पोरांसारखं चालवत होतो. खेळातली मजा सगळ्यांसाठी एकच असते असं समजणं हीच गडबड. अमेरिकेत अमांडा व्हिसेक यांच्या २०१५ च्या अभ्यासात फुटबॉल खेळणारी मुलं, कोच आणि पालक मिळून मजा कशानं येते अशा ८१ गोष्टी निघाल्या होत्या, ११ गटांत बसवाव्या लागल्या. त्यात वरती होतं ते झटून खेळणं, टीममध्ये एकमेकांशी चांगलं वागणं आणि कोचचं बोलणं, जिंकणं बरंच खाली. म्हणजे झटून खेळणं हीच मजा आहे आणि चौदा वर्षांच्या पोराला झटायला तसा तगडा समोरचा लागतो. ऑक्टोबरपासून तेरावरच्यांची वेगळी बॅच केली, मोठं ग्राउंड, पूर्ण वेळेची पाळी, आणि त्यांनी मागितला म्हणून तो कागदही परत लावला, फक्त त्यांच्यापुरता.

शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटात आमच्या शाळेच्या टीममध्ये या क्लबच्या सहा मुली होत्या, सात नंबर त्यातलीच. महानगरपालिका स्तरावर पहिली मॅच जिंकलो, दुसरीत हरलो, चांगल्याच फरकानं. समोरच्या टीमच्या मुली जबरदस्त सूर मारत होत्या आणि आमच्याकडे सूर मारणाऱ्या दोनच. सर म्हणाले, "पाहिलं न जी?" पाहिलं. हा आमच्या पद्धतीचा खर्च आहे, सूर सावकाश येतो. सात नंबर त्या मॅचमध्ये आमच्यातली सगळ्यात जास्त वेळ टिकलेली रनर होती आणि शेवटी सूर मारूनच तिला आउट केलं.

टिकण्याचं म्हणाल तर गणपतीत यंदा पंचवीसच्या वर पोरं होती आणि त्यात एप्रिलमधली धीमी पोरंही होती, ही मला आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते. तान्ह्या पोळ्याला सरांनी सुट्टी दिली होती तरी काही पोरं येऊन स्वतःच फक्की मारून, स्वतःच पंच होऊन खेळत होती, सरांना कोणीतरी फोटो पाठवला तेव्हा कळलं. पण हे सगळं नवीन पद्धतीमुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत. यंदा वर्ल्ड कपचं वारं होतं, ताई रोज यायला लागली होती, मी पण अधूनमधून असायचे, आणि लक्ष दिलं की पोरं तशीही टिकतात. एकच क्लब, एकच वर्ष, तुलनेला शेजारी दुसरा क्लब नाही. पुढचा उन्हाळा बघितल्याशिवाय मी तरी काही ठाम म्हणणार नाही.

सरांना सगळंच पटलेलं नाही. शनिवारी पाच राउंड त्यांनी परत सुरू केलेत, ज्याला यायचं त्यानं यावं असं म्हणून, आणि गंमत म्हणजे दहा-बारा पोरं येतात, सर स्वतः सोबत धावतात म्हणून असेल. सात नंबर वाळूत आता चालत येऊन सूर मारते, मातीवर अजून नाही, आणि सर तिला त्याबद्दल विचारत नाहीत, खड्ड्याजवळ उभे राहतात एवढंच.

सध्या अडलंय ते माणसांवर. चार छोट्या ग्राउंडला चार मोठी माणसं लागतात, बी.पी.एड.वाली दोघं गेली, ताईची परीक्षा जवळ आली, आणि सर आणि मी मिळून दोनच होतो. म्हणून सरांनी पालकांमधल्या दोघींना शिट्टी आणि पंचगिरी शिकवायला घेतलंय. त्यातल्या एक काकू शाळेत असताना खेळलेल्या निघाल्या, नियम सगळे पाठ, आणि त्या सरांपेक्षा जास्त ओरडतात, तर आता त्यांचीही वाक्यं लिहायला कोणाला तरी वही घेऊन बसवावं लागणार असं दिसतंय.